न ढकलता एक फेरी

टिटवी हे नाव माझ्या नवऱ्यानं, सेपनंच ठेवलं. वसंतात आमच्या माळावर टिटव्या येतात, जमिनीलगत ओरडत फिरतात. त्याच्या इंजिनाची शिट्टीही तशीच, जरा रडवी, जरा तक्रारखोर. इंजिन तसं लहान, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावेल एवढं. पण खरं. खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारं, मागच्या गाडीवर दोन मोठी माणसं बसवून ओढणारं. म्हणजे, ओढायला हवं होतं असं.

कारण टिटवीनं न थांबता एक फेरी कधी पुरी केली नाही. अशी छोटी इंजिनं बनवणाऱ्यांच्या आमच्या क्लबाचे रूळ क्रिकेटच्या मैदानामागे, कमरेएवढ्या उंच दगडी खांबांवर. ओढ्यापर्यंत उतार, मग मेंढ्यांच्या कुरणाकडेनं चढ. त्या चढावर टिटवीच्या बॉयलरमधलं पाणी कमी व्हायचं, आणि आत नवं पाणी घालणारा तो बोटाएवढा पितळी इंजेक्टर तापून सगळं पाणी गवतावर थुंकायचा. सेप आधी त्याला गोड बोले, मग कडू बोले, मग आपल्या कपातला गार चहा त्याच्यावर ओते. शेवटी भट्टीतला विस्तव खाली पाडून हात वर करी. मागून दुसरं इंजिन येई आणि टिटवीला फलाटापर्यंत ढकलत नेई. जो ढकलला जाईल त्यानं त्या रविवारी सगळ्यांचे कप विसळायचे, हा क्लबाचा नियम. माझ्या नवऱ्यानं इतकी वर्षं कप विसळले, की नव्या सभासदांना वाटायचं तो त्याच कामावर आहे.

"तुझी टिटवी उडते कमी, अंडी घालून बसते जास्त," लायनल म्हणायचा. लायनल त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं इंजिन कधी थांबत नसे.

"तुझं पळतं कारण त्याला तुझ्यापासून लांब जायचं असतं," सेप म्हणायचा. पण घरी येताना गप्प असायचा. फाटकाशी आलो की एकदाच बोलायचा, "हिल्डा, मला विक्रम नकोत गं. सकाळी पेटवावी, संध्याकाळी विझवावी, आणि मधे तिनं मला हाका मारू नयेत. एवढंच."

मी म्हणायची, "एवढंच तर मीही मागत होते. मला तू मिळालास."

मग खाणीतली धूळ त्याच्या छातीत बोलू लागली. तरुणपणी गिळलेला दगड म्हातारपणी जागा झाला. जिना चढताना तो मधेच थांबे, कठडा धरे, आणि मी वर उभी राहून खालच्या पायरीकडे बघत राही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही दोघांनी ऐकलं, आणि घरी येऊन चहा केला.

क्लबाची अजून एक रीत आहे. सभासद गेला की त्याची चमचाभर राख त्याच्याच इंजिनाच्या भट्टीत टाकायची, शिट्टी वाजवत एक फेरी मारायची, आणि तो धुरातून आपल्या माळावर निघून जातो. बाकीची राख घरच्यांनी हवी तिथे न्यावी. आमच्यातले कितीतरी असे गेले.

डॉक्टरांकडून आलो त्या दुपारी लायनल भेटायला आला होता. सेप म्हणाला, "मला तसंच न्या. पण एक सांगतो. मला ढकलायचं नाही. जिवंतपणी पुष्कळ झालं. मेल्यावर कुणी मागून ढोसणार असेल, तर राहू दे, मला गुलाबांच्या मुळाशी ओता."

लायनल टोपी हातात फिरवत बसला. मग उठून त्यानं कोट काढला, शेडची किल्ली मागितली.

सगळा उन्हाळा ते दोघं शेडमध्ये होते. सेप लेथशेजारी आरामखुर्चीत, गुडघ्यांवर माझी शाल. लायनल बाह्या सरसावून टिटवीवर वाकलेला. जीव एकाचा, हात दुसऱ्याचे. मी सूप घेऊन जायची तेव्हा दारातच त्यांची भांडणं ऐकू यायची.

"अरे, दात घासल्यासारखा घासू नकोस. झडप आहे ती."

"तू वेळेवर घासली असतीस तर कप घासावे लागले नसते."

"कपांना नावं ठेवू नकोस. एकही फुटला नाही माझ्या हातून."

बाहेर वाटाण्याच्या वेली फुलल्या, शेंगा धरल्या, वाळल्या. मला वाटायचं, त्यानं माझ्याजवळ बाकावर येऊन बसावं, उन्हात, नुसतं. मी कधी म्हटलं नाही. मरणाऱ्या माणसाला एक हवं असतं, तेव्हा दुसरं मागू नये.

त्यांनी इंजेक्टर नवा केला. नळ्या उकलल्या, वळवल्या, पुन्हा बसवल्या. पाण्याला दुसरी वाट असावी म्हणून हातपंप लावला. आणि एका सकाळी लायनल टिटवीला आपल्या मोटारीत घालून एकटाच रुळांवर घेऊन गेला. सेपला तोपर्यंत पलंगावरून उठवत नव्हतं.

लायनल परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर काजळी होती. तो पलंगाच्या कडेला बसला.

"चढावर?" सेपनं विचारलं.

"चढली."

"इंजेक्टर?"

"उघडला, आणि हौदावर गाय पिते तसं पाणी प्यायला. थेंब सांडला नाही."

"मग थांबली कुठे?"

"मी थांबवली तिथे. सात-आठ फेऱ्या झाल्यावर. मलाच भूक लागली."

सेपनं तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं कळ आली. मी औषधाची बाटली उचलली, तर तो म्हणाला, "मी नव्हतो, तेव्हा चालली."

मग लगेच हसला, खोकला, लायनलच्या गुडघ्यावर थाप मारायला गेला, आणि हात मधेच चादरीवर पडला.

सफरचंदं उतरवायच्या आत तो गेला.

ऑक्टोबरातला रविवार. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, माळ नुसता पसरलेला. क्लबातले सगळे फलाटावर उभे होते, टोप्या काढून. कुणीतरी आल्याचा केक आणला होता, पण कापला नव्हता. लायनलनं रॉकेलात भिजवलेल्या लोणारी कोळशानं भट्टी पेटवली, मग दगडी कोळसा घातला. वाफेच्या दाबाचा काटा वर चढला. टिटवी कधी नव्हे ती शहाण्या मुलीसारखी उभी होती, तोंडातून एक बारीक वाफ सोडत.

मी लायनलच्या मागे गाडीवर बसले. मांडीवर राखेचा डबा, हातात मुरंब्याचा लांब चमचा. डबा जड होता. एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी शेवटी सेप पलंगावर माझ्या एका हातानं वळायचा.

लायनलनं हात मागे केला. मी चमचा भरून दिला. त्यानं भट्टीचं दार उघडलं, आत टाकला, दार लावलं. शिट्टी वाजली. टिटवी निघाली.

किती सुरेख चालली ती. उतारावर चाकं गुणगुणत होती, ओढ्याशी वळताना जराही अडखळली नाही. चढ लागला तशी तिची भकभक दमदार झाली, एकसारखी, कुणी लाकूड फोडावं तशी. चिमणीतून पांढरा धूर निघून मेंढ्यांवरून गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. आणि माझ्या मनात आलं, हा कुठला भाग गेला? हात गेला, की कान, की हसू? आणि डब्यात उरलाय त्याला मी घरी न्यायचं, तर कुठे ठेवायचं? त्याच्या खुर्चीत?

"लायनल, अजून एक."

त्यानं मागे न बघता चमचा घेतला.

"अजून एक."

"हिल्डा, रीत एकाचीच आहे."

"तो कधी एका घासावर उठलाय?"

त्यानं घेतला. पुढच्याला मात्र तो म्हणाला, "बास आता. हाड जळत नाही गं, नुसतं बसून राहतं."

"बसून कंटाळलाय तो. सगळा उन्हाळा बसला. चालू दे त्याला."

लायनल माझ्याशी कधी भांडला नाही. त्याची बायको गेली तेव्हापासून तो कुठल्याच बाईशी भांडत नाही. मी देत गेले, तो टाकत गेला. डबा हलका होत गेला, आणि मला वाटत होतं, मी त्याला पलंगावरून उठवून बाहेर उन्हात नेतेय.

चढ संपला. पलीकडे सपाट वाट, शेवटी फलाट, फलाटावर माणसं, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. तिथे टिटवीचा आवाज बदलला. लाकूड फोडणारा दमला. भकभक लांब लांब झाली, मग नुसता सुस्कारा. मग तोही नाही.

लायनलनं भट्टीचं दार उघडलं. मी वाकून पाहिलं. आत लाल असं काहीच नव्हतं. जाळीवर करडा थर बसला होता, लिंपल्यासारखा, आणि कडेचा कोळसा काळा पडत होता.

त्यानं दार पुन्हा लावलं. मग खाली मान घालून म्हणाला, "इंजिनाचा दोष नाही. जाळी बुजलीय. हवा लागत नाही विस्तवाला."

"मग?"

"ही पिन ओढली की जाळी खाली पडते. सगळं गवतात जाईल. नवा कोळसा घालू, थोड्या वेळात वाफ होईल. टिटवी आपल्या पायांनी जाईल फलाटापर्यंत."

"आणि सेप?"

त्यानं खांबांमधल्या गवताकडे पाहिलं. मेंढ्यांच्या लेंड्या, कुणीतरी टाकलेलं चॉकलेटचं वेष्टन.

"नाहीतर?" मी विचारलं.

दुसरा मार्ग ढकलायचा. सांगायची गरज नव्हती.

सेपचं मागणं एकच होतं. आगीत बसून, आपल्या इंजिनावर, आपल्या बळावर घरी यायचं. त्या एकाचे दोन तुकडे मी केले, मुरंब्याच्या चमच्यानं. आता एकच तुकडा देता येत होता, आणि कुठला ते मलाच ठरवायचं होतं. लायनलचा हात पिनेवर होता. मी म्हटलं असतं तर त्यानं ओढली असती, आणि रिकामी टिटवी डौलात फलाटावर गेली असती.

मी डबा गाडीवर ठेवला आणि खाली उतरले.

"थांब, मी ढकलतो," लायनल म्हणाला.

"तू नको. तू ढकललंस तर तो तुला कधी माफ करणार नाही."

"आणि तू ढकललंस तर?"

"तर मला करणार नाही. ते घरातल्या घरात राहील."

तो बाजूला झाला. त्यानं गाडी सोडवली, डबा उचलून छातीशी धरला. मी टिटवीच्या मागे दोन्ही तळवे टेकवले. पत्रा हातमोज्यांतून पोळत होता. इतका गरम होता सेप शेवटच्या तापात. मी जोर लावला. आधी ती हललीच नाही, मग हलली, आणि मग चाकं अशी सहज फिरू लागली की मला रडू आलं. त्या दोघांनी तिच्यात कुठेच काही अडू दिलं नव्हतं. बाळाची गाडी ढकलावी तशी ती जात होती. आम्हाला मूल झालं नाही. मी कधी काही असं ढकललं नव्हतं.

मान वर केली तेव्हा फलाट जवळ आला होता. पहिल्यांदा आमच्या चिटणिसानं पाठ केली. तो ढगांकडे बघू लागला. मग त्याची बायको चहाच्या किटलीकडे वळली. मग एकेक करून सगळेच वळले, कुणी बुटाची नाडी बांधायला, कुणी माळाकडे, कुणी उगाच भिंतीकडे. पोरंसोरंही आयांनी खांद्याला धरून वळवली. फलाटभर नुसत्या पाठी, काळे कोट, हातात टोप्या. मी सेपला त्या पाठींसमोरून ढकलत नेलं आणि टिटवी तिच्या जागी उभी केली.

मागून लायनल डबा घेऊन आला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आली टिटवी. पुरी फेरी."

तेव्हा सगळे वळले, आणि टाळ्या वाजवल्या, हलक्या, हातमोज्यांतल्या. चिटणिसानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, छान चालली, सेपला बरं वाटलं असतं. मी हो म्हटलं. आत भट्टी अजून कोमट होती. मी दार उघडलं नाही.