रहाटपाळण्याची आस

मी चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा. बोलायला तोंड नाही. करकर एवढीच माझी भाषा. त्या करकरीतलं दुखणं ओळखणारी एक बाई मला लाभली, म्हणून माझ्या नावावर कुणाचं मरण लागलं नाही.

माझा जन्म धामणगाव बढ्याच्या एका सुताराच्या अंगणातला. दोन उंच खांब, त्यांच्या माथ्यावरच्या खोबणींत आडवी बसवलेली सागाची आस, आसेत ठोकलेल्या बाभळीच्या भुजा आणि भुजांना टांगलेले चार पाळणे. ना इंजिन, ना वीज. खाली उभ्या माणसानं पाळण्याला हात द्यायचा की मी फिरू लागायचो. मला फिरवायचा तुळशीराम, आणि समोरच्या बाजूनं त्याची बायको जनकाबाई. दोन बैलगाड्यांत माझे तुकडे घालून दोघं गावोगाव हिंडत. आज बीबी, उद्या मेहकर, परवा धाड.

माणसं मला खालून दिसतात तशी वरूनही दिसतात. बायका डोळे मिटून घेत. पुरुष भीती लपवायला मोठ्यानं हसत. काही मोठ्या घरची माणसं बसण्याआधी विचारत, "या पाळण्यात आधी कोण बसलं होतं?" वर गेल्यावर मात्र शेजारचा कोण हे न बघता त्याचाच दंड घट्ट धरत.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी धाडला मोठी जत्रा भरली. त्याआधी आठ दिवस माझ्या आसेला डाव्या टोकाशी तडा गेला. तुळशीरामनं तो पाहिला. नव्या आसेचं लाकूड सुतारानं कापलं होतं, पण ते वाळायला अजून महिना हवा होता. जत्रा महिनाभर थांबणार नव्हती. जनकाबाई पाण्याला गेली असताना त्यानं तड्यात मेण आणि भुसा दाबून भरला, वरून तेलाचा हात फिरवला, आणि तिला काही बोलला नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण न फिरणारं लाकूड करकरत नाही.

धाडला दुपारी गर्दी उसळली. चारही पाळणे भरले. पाचव्या फेरीला तडा सरकला. मी जीव तोडून करकरलो. लोकांना तो रोजचाच आवाज वाटला. जनकाबाईनं मात्र दोन्ही हातांनी समोरचा पाळणा धरला.

"आवो, थांबवा! हा आवाज रोजचा नाही!"

मी थांबलो. तेवढ्यात तिच्या पदरावर मेणाचे दोन-तीन तुकडे पडले. तिनं एक उचलला, बोटांत चुरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तुळशीरामचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मेण काऊन भरलं, ते मंग बोलू," ती हळूच म्हणाली. "आधी सांगा, किती लांब हाय?"

"वीतभर. आता जास्तीच असन."

"कोन्या अंगाले?"

"सध्या वर हाय."

आसेचं गणित असं असतं. तडा वरच्या अंगाला असला की ओझ्यानं मिटतो. खालच्या अंगाला गेला की तोंड उघडतो. मी थांबलो तेव्हा तो नशिबानं वर होता. पण त्या वेळी सगळ्यांत वरच्या पाळण्यात अन्नपूर्णा बसली होती, मांडीवर दीड वर्षाची लेक घेऊन. तिला खाली आणायचं तर मला अर्धा फेरा फिरवावा लागणार, आणि तेव्हा तडा बरोबर खाली येणार. तिच्यापर्यंत पोचेल एवढी उंच शिडी त्या बाजारात नव्हती.

अन्नपूर्णाचा सासरा रंगराव पाटील गर्दी फोडत पुढं आला.

"माह्या सुनेले आधी उतरव! ऐकू येत नाही काय बे?"

तुळशीरामनं सवयीनं पाळण्याला हात घातला. जनकाबाईनं तो हात झटकला.

"पाटील, सगळ्यात आधी उतरवली तं मरन. सगळ्यात शेवटी उतरवली तं जगन. वझं कमी होऊ द्या."

रंगरावशी असं कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्याचा हात वर गेला, पण तेवढ्यात वरून लेकरू रडलं आणि तो हात तसाच खाली आला.

खालच्या पाळण्यातले तिघं उतरले. पण तो रिकामा झाला की वरचा जड होऊन झोल खाणार. बाजारातला हमाल कचरू पुढं आला. गावाबाहेरच्या, नव्यानं बुद्धाची वाट धरलेल्या वस्तीतला हा माणूस. काही विचारायच्या आधीच त्यानं पाठीवरचं ज्वारीचं पोतं खालच्या पाळण्यात टाकलं.

"वहिनी, अजून किती?"

"एक. दोन नको."

कचरूनं दुसरं पोतंही टाकलं. मग पाव फेरा इकडं, बाजूचा एक पाळणा उतरवला. परत जागेवर आणून पाव फेरा तिकडं, दुसरा उतरवला. दर वेळी तडा कडेला यायचा आणि माझ्या अंगातून कळ जायची. शेवटी वर अन्नपूर्णा आणि खाली ज्वारी, एवढंच उरलं.

"मी उडी मारते!" अन्नपूर्णानं पोर छातीशी धरून एक पाय बाहेर काढला.

"अन्नपूर्णा!" जनकाबाईनं गर्दीतून ऐकलेल्या नावानं तिला हाक मारली. "माय, माह्याकडे पाह्य. खाली पाहू नको. तुह्या लेकीचं नाव काय हाय?"

"इंदू..."

"इंदूले सांग, आपुन उतरून राह्यलो. मोठ्यानं सांग. सांगतच राय."

कचरूनं एका दुकानाच्या मांडवाचं दुबेळकं उपटून आणलं, दोन फाट्यांचा जाड खांब. तो त्यानं तड्याच्या खाली आसेला लावला आणि बुडाशी खांदा दिला. एकट्याचं काम नव्हतं. गर्दी बघत राहिली. मग रंगरावनं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं आणि कचरूच्या खांद्याला खांदा लावून तोही खाली बसला.

जनकाबाई आणि तुळशीराम मला बोटाबोटानं फिरवू लागले. अर्ध्यावर आल्यावर तड्यानं तोंड उघडलं. कडकन आवाज झाला. कुणीतरी किंकाळी फोडली. सगळा भार दुबेळक्यावर आला आणि कचरूच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या.

"थांबू नका!" तो दात आवळून म्हणाला.

"इंदू, उतरून राह्यलो आपुन... उतरून राह्यलो..." अन्नपूर्णाचा आवाज जवळ येत गेला. जनकाबाईनं लेकरू उचललं, मग आईला ओढून काढलं.

"पळा!"

रंगराव बाजूला झाला. कचरूचा खांदा मात्र खांबाला जखडल्यासारखा झाला होता. तुळशीराम धावला आणि त्यानं त्याला लाथ मारून दूर ढकललं. त्याच क्षणी माझी आस मोडली. माझी भुजा तुळशीरामच्या गुडघ्यावर आली, आणि वर गेलेली पोती फुटून ज्वारी सगळीकडे पांगली.

त्याला बाहेर काढलं तेव्हा लोक त्याला शाबास म्हणू लागले. त्यानं मान हलवली.

"शाबासकी नका देऊ. मले आठ दिवसांपासून ठाव होतं."

कुणीतरी मला जाळायला निघालं. जनकाबाई माझ्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. "चूक लाकडाची नाही," एवढंच ती म्हणाली.

नवी आस वाळली, बसली. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा धाडला उभे राहिलो. तुळशीरामचा गुडघा आता वाकत नव्हता. जनकाबाईनं त्याला पहिल्या पाळण्यात बसवलं आणि सगळ्या बाजारादेखत वीस फेरे फिरवलं. तेव्हापासून दर जत्रेत तिचा हाच नेम. तरी त्या दिवशी कुणी जवळ आलं नाही. लोक लांबून बघत आणि पुढं जात.

ऊन कलताना अन्नपूर्णा आली. इंदू आता चालत होती.

"आस पाहू द्या मले."

जनकाबाईनं खाट आणून दिली. अन्नपूर्णा खाटेवर चढली आणि आसेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग उतरली, लेकीला घेऊन पाळण्यात बसली. एका हातानं तिनं पाळण्याची कड आवळून धरली.

"भेव वाटत असन तं राहू दे, माय," जनकाबाई म्हणाली.

"वाटते. फिरवा."

आता जत्रांत लोखंडाचे, इंजिनावर फिरणारे उंच पाळणे येतात. मी जनकाबाईच्या गोठ्यात सुटा होऊन पडलो आहे. माझ्या खांबांना म्हैस बांधतात आणि पाळण्यांत कोंबड्या बसतात. तक्रार नाही. तुम्हांला एकच विनंती. त्या उंच पाळण्यात चढण्याआधी फिरवणाऱ्याला विचारा, "आज तू स्वतः बसला होतास का?" तो लगेच हो म्हणाला, तर खुशाल बसा. तो आधी आसेकडे बघू लागला, तर मागं फिरा.