चौकशीची खिडकी

चष्मेवाल्याने तडजोडीच्या कागदावर साक्षीदाराची सही करताना पेन जरा जास्तच दाबलं. त्याचा फायदा सरळ होता: बायकोच्या उपचारांचा खर्च निघणार, दुकानावरचं कर्ज फिटणार, आणि वर काचा घासायचं नवं यंत्र. औषधकंपनीने घातलेली अटही त्याच्या पथ्यावरच पडली होती. त्या गोळ्यांबद्दल बायकोने जन्मात कोणापाशी ब्र काढायचा नाही. काढला, तर सगळे पैसे परत.

"लग्न झाल्यापासून मी हिला फुकट सांगतोय, गप्प बस म्हणून," तो वकीलबाईंना म्हणाला. "कंपनी पैसे मोजून सांगतेय."

वकीलबाई हसल्या. बायकोला हसायचं होतं की नाही, हे आता तिच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. ओठ चंबूसारखे पुढे यायचे, जबडा रिकामाच चघळत राहायचा, मधूनच जिभेचं टोक बाहेर डोकावून जायचं. मळमळीवरच्या त्या गोळ्या तिने दोन वर्षं घेतल्या. मळमळ थांबली आणि तोंड सुरू झालं. गोळ्या बंद केल्या, तरी तोंड थांबेना. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे गोळ्यांचंच काम, आणि बहुधा कायमचं. कंपनीला ते आधीपासून ठाऊक होतं. पाकिटावर मात्र छापलं नव्हतं.

बायको पूर्वी बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवर बसायची. घरात तिला रेडिओच म्हणत. मग प्रवाशांना वाटू लागलं, ही आपल्याला वेडावून दाखवते. तक्रारी गेल्या, आणि खिडकीही गेली.

गंमत अशी की बोलताना ते तोंड अगदी शहाण्यासारखं वागे. शब्द सुरू झाले की ओठ ठिकाणावर. म्हणूनच वकीलबाईंनी दम भरला होता, "कंपनीच्या माणसांपुढे अक्षर काढू नका. बोललात तर म्हणतील, बाई ठणठणीत आहेत." दुपारभर ती गप्प बसली. तोंड चालत राहिलं. समोरच्यांनी माना खाली घातल्या आणि आकडा वाढवला.

जिना उतरताना ती म्हणाली, "पण अहो, कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

"मला आयुष्यभर लोक विचारतच आलेत."

"ती खिडकी बंद झाली तुझी. आता माझं दुकान उघडं राहू दे."

तिचा जबडा तेवढा चालू राहिला.

इमारतीच्या खालीच औषधांचं दुकान होतं. तिच्या नव्या गोळ्या घ्यायच्या होत्या. ती आत गेली. तो रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसून राहिला. काचेतून रांग दिसत होती. पुढे एक तरुण मुलगी, मग बायको, आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला तो कंपनीचा वकील. आकडा वाढवून त्याचंही डोकं उठलं असणार.

दुकानदाराने मुलीपुढे पिवळं पाकीट ठेवलं.

चष्मेवाल्याला लांबचं फार चांगलं दिसे, आणि आज त्याला त्याचा राग आला. तेच पाकीट. दोन वर्षं त्यानेच ते दर महिन्याला घरी आणलं होतं. आणायला विसरला असता तर, हा हिशेब त्याने आजवर कधी मांडला नव्हता.

मुलगी पर्स उघडत होती. तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. बायकोचे ओठ पुढे आले, जीभ डोकावली, पुन्हा ओठ पुढे आले. वकील मागे हाताची घडी घालून उभा.

चष्मेवाल्याचा अंगठा हॉर्नवर गेला. एकदा वाजवला असता, तर तिने वळून पाहिलं असतं.

बायकोने मुलीच्या खांद्यावर बोट टेकलं. आणि तिचा चेहरा थांबला. ओठ, जबडा, हनुवटी, सगळं जागच्या जागी. हलले ते शब्दांपुरतेच, आणि इतका वेळ, की खिडकीमागची ती जुनी बाई त्याला ओळखू आली. वकिलाने घडी सोडून खिशातून फोन काढला.

त्याने अंगठा हॉर्नवरून उचलून गुडघ्यावर ठेवला.

कंपनीचे पैसे वाचले. वकीलबाईंचा वाटा बुडाला. यंत्र गेलं, कर्ज राहिलं. मुलीने पाकीट होतं तसं मागे सरकवलं, पर्स मिटली आणि काहीच न देता ती बाहेर पडली.