बेंबीतून काढलेलं मूत्रपिंड

बंद पडलेल्या त्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यापुढे टेबल, त्यावर एक म्हातारे गृहस्थ आडवे, आणि त्यांच्या उघड्या पोटात, चाकूशिवाय ऑपरेशन करणाऱ्या 'स्पर्शवैद्यां'ची बोटं रुतलेली. रक्त ओघळलं, काळपट गोळा बाहेर आला. पुसून पाहिलं तर पोटावर ओरखडाही नाही. लोकांनी हात जोडले. माझ्या आईने डोळे टिपले.

पुढचा नंबर ताईचा होता.

ताई शाळेत विज्ञान शिकवते. तिचं यकृत निकामी झालं, पाठोपाठ दोन्ही मूत्रपिंडंही. एकाच मृत दात्याचं यकृत आणि मूत्रपिंड एकाच वेळी बसवायचं, हाच उपाय डॉक्टरांनी सांगितला होता. प्रतीक्षा यादीत नाव होतं, तोवर डायलिसिस. वाट बघून आई खचली. "एकदा माझ्यासाठी चल," म्हणाली, म्हणून ताई आली.

शिष्याने ओल्या कापसाचा बोळा दिला. वैद्यांनी ताईच्या बेंबीपाशी बोटं दाबली. लाल पाणी, मग गोळा.

"हे सडकं मूत्रपिंड," ते माइकवर म्हणाले. "आता आत नवं उगवेल, यकृतही उगवेल. डायलिसिस बंद करा, यादीतलं नाव काढा. चाकू लागला तर कृपा उलटेल."

ताईने त्यांचं मनगट धरलं. सुजलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"मूत्रपिंड पाठीच्या बाजूला असतं. तुम्ही बेंबीतून कसं काढलंत?"

"श्रद्धा नसेल तर..."

"आणि नवं बसवताना डॉक्टर जुनं बहुतेक वेळा काढतही नाहीत. तुम्हाला कसली घाई होती?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईने त्यांचा अंगठा ओढला. कातडीच्या रंगाचं प्लॅस्टिकचं टोपण हातात आलं, त्यातून लाल रंग ठिबकला. मी शिष्याच्या हातातलं ताट हिसकावलं. पुढच्या रुग्णाच्या बोळ्यात कोंबडीच्या काळजाचा तुकडा तयार होता.

"बोटं आत जात नाहीत, दुमडतात," ताईने स्वतःच्या पोटावर करून दाखवलं.

म्हाताऱ्या गृहस्थांचा मुलगा पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "यांनी आधीच सांगितलं म्हणून आम्ही बाबांचं डायलिसिस परवापासून बंद केलंय."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," ताई म्हणाली. आईच त्याच्यासोबत रिक्षा बघायला धावली.

"पाप लागेल तुला," एक बाई ताईला म्हणाली.

"लागू दे. मी यादीतलं नाव काढणार नाही."

ते गृहस्थ वाचले. पुढे ताईलाही फोन आला. कुणा अनोळखी कुटुंबाने ऐन दुःखात अवयवदानाला होकार दिला होता. दोन्ही अवयव बसले, चालले. ताई रोज न चुकता गोळ्या घेते आणि वर्गावर जाते.

स्पर्शवैद्य जामिनावर सुटून दुसऱ्या गावात बसतात म्हणे. त्यांचं पितळ उघडं पाडायला आम्हीही तिथे जाणार आहोत. तोवर तुमच्या घरच्यांच्या पोटात कुणी बोटं घालायला आलं, तर त्याला भोक दाखवायला सांगा. आणि काही झालं तरी उपचार थांबवू नका.