सात नंबरची शेवटची फेरी

"ब्रेक! अगं ब्रेक दाब!"

"कुठली चप्पल?"

"मधली! निळी!"

सात नंबरांच्या बायकोने निळी चप्पल करकचून दाबली. सोफ्यावर बसलेली त्यांची म्हातारी आई लगेच पुढे झुकली. बस थांबली की प्रवाशांनी पुढे झुकायचं असतं, असं तिला मुलाने बजावून ठेवलं होतं आणि ती नियम पाळणारी बाई होती.

"उशिरा दाबलास," सात नंबर म्हणाले. "फ्रिज गेला."

"कुठे गेला?"

"मेला. धडकलीस तू त्याला."

बायकोने फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज शांतपणे घुरघुरत होता. "एवढं काही लागलेलं दिसत नाही हो," ती म्हणाली.

डेपोत त्यांना सगळे सात नंबरच म्हणत, कारण नोकरीला लागल्यापासून त्यांनी सात नंबरच्या मार्गाशिवाय दुसरीकडे बस नेली नव्हती. एकदा साहेबाने त्यांना नऊ नंबरवर पाठवलं होतं, तेव्हा चौकात आल्यावर बस आपोआप सात नंबरच्या रस्त्याला लागली. नऊ नंबरचे प्रवासीही हूं की चूं न करता बसून राहिले. पुन्हा साहेबाने तो प्रयोग केला नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्यांचा जीव अडकला होता तो शेवटच्या फेरीत. त्यांच्या डेपोत एक रीत होती. एरवी स्टॉपचं नाव कंडक्टर पुकारतो. पण ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला कंडक्टर तोंड मिटून बसतो आणि प्रत्येक स्टॉप ड्रायव्हर स्वतः पुकारतो. आयुष्यभर पाठीमागच्यांशी न बोललेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवाज लावतो. सात नंबरांनी तर आंघोळ करताना सरावही सुरू केला होता. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे न्हाणीघरात गर्दी फार.

आणि मग बस बंद झाल्या. सात नंबरांची शेवटची फेरी त्यांच्या नकळत होऊनही गेली होती. कोणती, तेही त्यांना आठवेना. बहुतेक त्या फेरीला त्यांना शिंका येत होत्या.

सुरुवातीचे दिवस ते खिडकीत बसून रिकामा रस्ता बघत. आल्यागेल्या मांजराला बाजू देत. शेवटी बायकोच्या नाकीनऊ आले.

"लग्न झाल्यापासून म्हणतेय, मला गाडी शिकवा. तुम्ही म्हणता, वेळ नाही. आता काय कारण आहे?"

सात नंबरांनी बराच विचार केला.

"गाडी नाही," ते म्हणाले.

"लेकीची आहे की खाली."

"बाहेर पडायला बंदी आहे."

"मग घरात शिकवा."

असा हा प्रकार सुरू झाला. खुर्ची ही ड्रायव्हरची सीट. मोठ्या पातेल्याचं झाकण हे स्टेअरिंग. गियर म्हणून बादलीत छत्री उभी केली. दाढीचा आरसा पडद्याच्या दांडीला टांगला. पायाशी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर म्हणून तीन चपला मांडल्या. त्यांतली क्लचची आजीच्या पायातली होती, त्यामुळे बस चालू असेतो आजीला उतरायची सोय नव्हती. तिची तक्रारही नव्हती. उलट ती आता सोफ्यापासून न्हाणीघरापर्यंत बसशिवाय जाईना. बायको खुर्ची ओढत पुढे सरके, मागून सात नंबर आईला हाताला धरून आणत, आणि न्हाणीघराच्या दाराशी निळी चप्पल दाबली जाई.

"परत जाताना थांबा हं माझ्यासाठी," आजी आतून ओरडे. "मागच्या वेळी निघून गेलात!"

सात नंबरांना शिकवता येत होतं ते फक्त बस चालवणं. कार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. डेपोत ते सायकलने जात. त्यामुळे बायको जे शिकली ते अस्सल बसचं शिकली. वळण घेताना आधी उलट्या बाजूला ऐसपैस जायचं. मागचं चाक कोपऱ्यावर चढतंय का, ते आरशात बघायचं. स्टॉपची पाटी दिसली की थांबायचं, म्हणजे थांबायचं. जेवणाच्या टेबलाला वळसा घालायला तिला अख्खी खोली लागायची, आणि वळण साधलं की सात नंबरांचा चेहरा असा फुले की जणू टेबल त्यांनीच घडवलंय.

घरात हसणं सुरू झालं. लेक आतल्या खोलीत कंप्युटरवर कचेरीचं काम करायची. एका मीटिंगमध्ये तिच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही प्रवासात आहात का? प्रवासाला बंदी आहे ना?"

बाहेरून आवाज येत होता, "पुढे सरका! आत जागा रिकामी आहे!"

"नाही सर, घरीच आहे," लेक म्हणाली. "आजीची बस आलीये."

मग निवृत्तीचा दिवस उजाडला. डेपोच्या साहेबांचा फोन आला.

"अभिनंदन. उद्यापासून कामावर यायचं नाही."

"आजही आलो नव्हतो साहेब."

"छान. तसंच चालू ठेवा."

फोन ठेवून सात नंबर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. त्या दिवशी ते "ब्रेक!" म्हणून ओरडलेच नाहीत. आजी बिचारी न्हाणीघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेली.

पुढे बंधनं सैल झाली. बस बंदच होत्या, पण खासगी गाड्यांना मुभा मिळाली. बायकोने शिकाऊ परवाना काढला आणि एका सकाळी लेकीची कार बाहेर काढली. लेक मागे बसली. आजी म्हणाली, "एवढीशी बस?" आणि घरीच राहिली. सात नंबर बायकोच्या शेजारी बसले. समोर स्टेअरिंग नसताना हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीवर एकावर एक ठेवले.

पहिल्याच वळणावर बायकोने कार रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला नेली आणि मग राजेशाही थाटात वळवली. एक स्कूटरवाला थांबून बघत राहिला. त्याला वाटलं, मागे अजून काहीतरी येतंय.

"आई, ही कार आहे," लेक म्हणाली.

"गप्प बस. मागचं चाक बघतेय."

ती चौकातून डावीकडे वळली, तसे सात नंबर ताठ बसले. रस्ता ओळखीचा होता, सात नंबरच्या बसचा. पाण्याच्या टाकीपाशी पाटी दिसली आणि कार अलगद, प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा डचमळणार नाही अशी, पाटीला लागून थांबली.

"का थांबलीस?"

"स्टॉप आहे ना."

"अगं, कारला स्टॉप नसतो."

"तुम्हीच शिकवलंत." तिने गाडी न्यूट्रलला टाकली आणि समोर बघत म्हणाली, "नाव कोण पुकारणार? मी चालवतेय."

सात नंबरांनी तिच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. लेक तोंड मिटून बसली होती, अगदी कंडक्टरसारखी. त्यांनी खाकरून घसा साफ केला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज लागला.

"पाण्याची टाकीऽऽ!"

फुटपाथवर झोपलेलं कुत्रं उठून नीट बसलं.

"जुनं पोस्टऽऽ!" पुढच्या पाटीला ते गरजले. तिसऱ्या स्टॉपला त्यांनी काच पूर्ण खाली घेतली आणि हात बाहेर काढून दार थोपटलं.

इस्पितळाच्या स्टॉपवर एक नर्स खांबाला टेकून उभी होती. बस येणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण रात्रपाळी संपवून घरी चालत निघण्याआधी जरा टेकायला तेवढीच जागा होती. समोर गाडी थांबली, नाव पुकारलं गेलं, आणि झोपेने जड झालेली ती बाई दार उघडून सरळ आत बसली.

"कारखाना गेट," ती मास्कमधून म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "अरे देवा. ही कुणाची गाडी?"

"सात नंबर," बायको म्हणाली. "बसा. जातेच तिकडे."

लेकीने सगळ्या काचा खाली केल्या. नर्स दोन स्टॉप गाढ झोपली. सात नंबर वळून तिच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं माणसं नेली, पण सगळी आरशातून. झोपलेला प्रवासी असा दिसतो, हे त्यांना आजच कळत होतं. पुढचे स्टॉप त्यांनी कुजबुजत पुकारले.

कारखाना गेटला तिला हलकेच उठवावं लागलं. उतरता उतरता तिने विचारलं, "काका, तुम्ही कंडक्टर का?"

ड्रायव्हरला असं विचारणं म्हणजे भांडणालाच आमंत्रण.

"हो," सात नंबर म्हणाले. "आजच्यापुरता."

शेवटच्या स्टॉपला त्यांनी नाव जरा लांबवून पुकारलं. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. बायकोने हँडब्रेक ओढला. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून उतरलेले सात नंबर आज सगळ्यांच्या आधी उतरले. स्टॉपवर प्रवाशांसाठी एक सिमेंटचं बाकडं होतं. त्यांनी ते हाताने झटकलं, त्यावर बसले, आणि बायको गाडी लावून येईपर्यंत पाय हलवत बसून राहिले.