ओसाका फिरून आलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. जुनी म्हटल्यावर नाकं मुरडू नका. तुमचं दप्तर दिवाळीला घेतलं की त्याची चेन शिमग्याला बिघडते. मला चेनच नाही, बिघडणार काय? मी आयर्लंडात मेनूथ नावाच्या गावी एका स्वयंपाकघरात खुंटीला असते. शेजारी भांड्यांचं कपाट आहे, त्याला इथे प्रेस म्हणतात. मला अक्षर वाचता येत नाही. पण मी जपानातलं ओसाका पाहिलंय, आणि तेही असं पाहिलंय की बघायला गेलेल्यांनी पाहिलं नसेल.

माझा जन्म फलटणचा. विमलआजींनी मला दुपारची भांडी आवरून दारात बसून हातानं शिवलं. तेव्हा त्या आजी नव्हत्या, नुसत्या विमल होत्या, जीभ मात्र आत्ताइतकीच धारेची. बाहेरून त्यांच्या विटलेल्या इरकली साडीचं कापड, काठासकट. आतून त्यांचा मुलगा उपेंद्र याच्या शाळेच्या खाकी चड्डीचं अस्तर. एक बंद गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा, दुसरा उपेंद्रच्या फाटक्या दप्तराचा काढून लावलेला.

शेजारीण म्हणाली, "अगं, दोन बंद दोन तऱ्हेचे?"

"तुझे दोन जावई तरी एका तऱ्हेचे आहेत का?" विमल म्हणाल्या. शेजारीण आठवडाभर फिरकली नाही.

उपेंद्र पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याचा डबा मी पोचवायची. आजी मला स्टँडवर कंडक्टरच्या हाती द्यायच्या, स्वारगेटला उपेंद्र उतरवून घ्यायचा. एकदा वाटेत लोणचं कलंडलं आणि माझ्या डाव्या अंगाला तेलाचा पिवळा डाग पडला. तो आजतागायत आहे. वसतिगृहातली पोरं तो डाग लांबून ओळखायची आणि डबा यायच्या आधीच हात धुऊन बसायची. असा मान फार थोड्या पिशव्यांना मिळतो.

मग उपेंद्रला नोकरी लागली, लग्न झालं, तो परदेशी गेला. आता डबा कुणाला द्यायचा? माझी रवानगी पत्र्याच्या ट्रंकेत झाली. आत डांबराच्या गोळ्या आणि मी. त्या वर्षांबद्दल मी बोलत नाही.

यंदा आजी लेकाकडे आयर्लंडला यायला निघाल्या, तेव्हा ट्रंक उघडली. गोडा मसाला आणि मेतकूट कशात भरायचं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, झटकलं आणि म्हणाल्या, "चल गं. तू तरी किती दिवस झोपणार."

इथल्या दुकानात फुकटची पिशवी मिळत नाही. ज्याची त्यानं न्यायची. हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "शहाणी माणसं दिसतात." गल्ल्यावरचा म्हातारा गृहस्थ तर मला बघून म्हणाला, "लव्हली बॅग, मिसेस." आजींना इंग्रजी येत नाही, पण कौतुक कुठल्याही भाषेत कळतं. त्या दिवसापासून त्या दूध आणायलाही मलाच न्यायच्या.

एका माणसाला मात्र मी खुपत होते. ती म्हणजे सूनबाई, चित्रा. सँडीफोर्डला मोठ्या ऑफिसात काम करते, लुआस नावाच्या ट्रामनं जाते. हुशार, नेटकी. घरात तिला वाकडं काही खपत नाही, आणि मी तर चहूबाजूंनी वाकडी.

उपेंद्र लिक्सलिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात आहे. कामासाठी तो ओसाकाला जाऊन आला होता, आणि ते शहर घरच्यांना दाखवायचं त्याच्या मनात होतं. ईस्टरच्या सुट्टीचं ठरलं. बॅगा भरताना चित्रा हळूच त्याला म्हणाली, "उपेंद्र, ही पिशवी प्रत्येक फोटोत येणार बघ. मी ती तिकडेच कचऱ्यात टाकते. आईंना म्हणू, हरवली."

"टाक. मी काही ऐकलं नाही," उपेंद्र म्हणाला.

ज्याच्या चड्डीचं अस्तर माझ्या पोटात आहे, तो हे म्हणाला, मित्रांनो. मी खुंटीवरून सगळं ऐकलं. म्हणजे मी चालले होते ती परत न येण्यासाठी.

पहिल्या दिवशी ओसाकाचा किल्ला. पांढऱ्या भिंती, हिरवी छपरं, खंदकाच्या कडेनं चेरीची झाडं नुसती फुलांनी लगडलेली. लोक माना वर करून फुलं बघत होते. चित्रा मान खाली घालून कचऱ्याचा डबा शोधत होती.

"आई, द्या, पिशवी मी धरते."

"आज सूर्य कुठून उगवलाय गं?" आजी म्हणाल्या, पण मला दिलं.

आणि मग मजा झाली. त्या शहरात रस्त्यावर कचऱ्याचा डबाच नाही. किल्ल्यापाशी नाही, पुलावर नाही, बागेत नाही. तिथली माणसं आपला कचरा आपल्याजवळ ठेवतात आणि घरी नेऊन टाकतात. चित्राला शेवटी थंड पेयांच्या यंत्राशेजारी एक डबा दिसला. ती लगबगीनं गेली. त्याला बाटली जाईल एवढं गोल भोक. तिनं माझा एक कोपरा आत ढकलून पाहिला. मी कशाला जाते?

तेवढ्यात नात आली, स्वानंदी. चौथीच्या वयाची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. हातात आइस्क्रीमची काडी. "मम, व्हेअर इज द बिन?"

"बिन नाहीये, बेटा," चित्रा म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं.

"आण इकडे," आजी म्हणाल्या. काडी माझ्या पोटात गेली. मग केळ्याची सालं, मग रिकाम्या बाटल्या. दुपारी एका देवळात जोडे काढून हातात घेऊन जायची रीत होती. चित्राच्या नव्या बॅगेला सतरा कप्पे, पण जोडे एकातही मावेनात. चौघांचे जोडे मीच घेतले. आजी जाता जाता म्हणाल्या, "कप्पे फार झाले की पोट उरत नाही गं."

दुसऱ्या दिवशी चित्रानं मला हॉटेलच्या खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडली. संध्याकाळी परत आली तर मी पलंगावर, उशीपाशी, चौकोनी घडी करून. खोली आवरणाऱ्या बाईला माझी दया आली असेल, किंवा तिच्याही घरी एखादी असेल.

तिसऱ्या दिवशी समुद्राकाठचं मत्स्यालय. तिथे घराएवढा शार्क मासा काचेमागून संथ फिरतो, आणि त्याला बघायला आलेली माणसं आपोआप हळू बोलू लागतात. बाहेर आल्यावर चित्रानं मला बाकावर ठेवलं आणि मागे न बघता चालू लागली. पन्नासेक पावलांवर स्वानंदी म्हणाली, "मम, युअर मॅन इज रनिंग आफ्टर अस."

आयर्लंडात कुणाही अनोळखी माणसाला युअर मॅन म्हणतात. गणवेशातला एक रखवालदार धावत आला. त्यानं मला दोन्ही हातांवर धरलं होतं, पूजेचं ताट धरावं तसं. कमरेत वाकून त्यानं मला चित्राच्या हाती दिलं. ती वाकली. तो पुन्हा वाकला. ती पुन्हा वाकली. उपेंद्र इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं.

"चित्रा, हे शहर तुला पिशवी टाकू देणार नाही."

"तू गप्प बस," चित्रा म्हणाली.

त्या संध्याकाळी आम्ही दोतोनबोरीला गेलो. कालव्याच्या दोन्ही अंगांनी दिव्यांच्या पाट्या, एका दुकानावर पाय हलवणारा भला मोठा खेकडा, माणसांची जत्रा. पण दोन पावलं आतल्या बोळात वळलं की सगळं शांत, आणि तिथे एक छोटं देऊळ. देव दगडाचा, पण दगड दिसतच नाही. डोक्यापासून पायापर्यंत हिरवंगार शेवाळ. येणारा जाणारा ओगराळ्यानं देवावर पाणी घालतो, हात जोडतो, जातो.

आजींनी पाणी घातलं. मग देवाकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय ही दशा. अभिषेक सगळे करतात, घासत कुणी नाही." माझ्यातून आपला पंचा काढला, पदर खोचला आणि देव घासायला पुढे झाल्या.

"आई," चित्रा किंचाळायचीच राहिली.

पण तिच्याआधी एका जपानी म्हातारीनं आजींचा हात धरला. हळूच, आपल्याच बहिणीचा धरावा तसा. ती काहीतरी बोलली. चित्रानं मोबाईल पुढे केला, आणि मोबाईल तिचं बोलणं इंग्रजीत दाखवू लागला. चित्रा ते वाचून थबकली.

"काय म्हणते?" आजींनी विचारलं.

"म्हणते, हे शेवाळ काढायचं नसतं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी पाणी घातलं, त्यातून ते आलंय. ते काढलं तर त्या सगळ्यांचं मागणं पुसलं जाईल."

आजींनी पंचा खाली घेतला. "म्हणजे हे लोकांनीच नेसवलेलं लुगडं आहे होय." त्यांनी पंचा घडी करून मला परत दिला आणि त्या म्हातारीला नमस्कार केला. चित्रानं माझ्या पिवळ्या डागाकडे एकदा पाहिलं. मी ते टिपलं.

शेवटच्या दिवशी त्सुतेनकाकू नावाचा मनोरा. वर एक बुटका, हसरा देव बसलेला, त्याचे तळवे चोळले की नशीब उघडतं म्हणतात. तळवे चोळून चोळून गुळगुळीत झालेत. आजींनी ते जरा जास्तच चोळले. "दिवसभर बसून असतो, पायाला मुंग्या येत असतील," म्हणाल्या.

परतीच्या आगगाडीत गर्दी होती. उपेंद्रनं मला वरच्या फळीवर ठेवलं. आजी दमून डुलक्या घेत होत्या, स्वानंदी चित्राच्या मांडीवर झोपली होती. स्टेशन आलं, धावपळ झाली, सगळे उतरले. दार लागलं. मी वरच.

मित्रांनो, या वेळी मला कुणी टाकलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. ती गाडी शहराभोवती गोल फिरते. खालच्या खिडकीतून किल्ला गेला, मग माणसं बदलली, मग पुन्हा किल्ला आला. माझ्यात होतं काय? सालं, काड्या, बाटल्या. एवढ्यासाठी कोण येतं? शेवटी एका कर्मचाऱ्यानं मला उतरवलं आणि हरवलेल्या छत्र्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. त्या छत्र्याही काही बोलत नव्हत्या.

पुढचं मला स्वानंदी आपल्या मैत्रिणीला सांगत होती तेव्हा कळलं. हॉटेलात पोचल्यावर आजींचा हात सवयीनं खांद्यावर गेला. बंद नव्हता. सकाळी विमान होतं. उपेंद्र म्हणाला, "आई, बघू या का?" आजी म्हणाल्या, "जाऊ दे. जुनीच होती." आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, ती एवढंच बोलून गप्प झाली. चित्रानं पायात जोडे घातले.

"अगं, तुला हवंच होतं ना हे?" उपेंद्र म्हणाला.

"मला हे नको होतं," चित्रा म्हणाली आणि निघाली.

स्टेशनात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपलीकडच्या माणसानं तिला मोबाईलमधून विचारलं, पिशवी कशी आहे, काही खूण? मी आतल्या फळीवरून सगळं ऐकत होते. चित्रा क्षणभरही थांबली नाही. "डाव्या बाजूला पिवळा डाग, लोणच्याचा. एक बंद निळ्या पट्ट्यांचा, एक हिरवा. हिरव्या बंदाचा टाका सुटत आलाय. काठ एका बाजूला वर, एका बाजूला खाली. आतून खाकी, त्यात अजून खिसा आहे, चड्डीचा." बोलता बोलता तिचा आवाज बदलला. "आत कचरा आहे. आमचाच आहे."

मला वाटायचं, या घरात मला आजींइतकं कुणी ओळखत नाही. चूक. माझ्यावर इतके दिवस चिडून चिडून चित्रा मला पाठ झाली होती.

माणसानं मला दोन्ही हातांवर आणून दिलं. चित्रा वाकली. या वेळी मनापासून.

हॉटेलात तिनं मला आजींच्या मांडीवर ठेवलं. आजींनी आत डोकावलं. "सालं टाकली नाहीस?"

"डबा कुठे मिळतोय, आई?"

आजी हसल्या. बऱ्याच वेळानं.

मेनूथला परतल्यावर चित्रानं माझा हिरवा बंद स्वतः शिवायला घेतला. आजींनी पाहिलं. "हे टाके आहेत का लुआसचे रूळ? सँडीफोर्डपर्यंत गेलेत."

"मग उसवा आणि तुम्ही घाला."

"राहू दे. घट्ट आहेत."

फलटणला परत जायच्या आदल्या दिवशी आजी डाग घालवायचं पाणी घेऊन बसल्या. "चित्रा, आण ती पिशवी. जाता जाता तेवढा डाग काढून देते. तुला डोळ्यांत खुपतो."

चित्रानं मला खुंटीवरून काढलंच नाही. "नको, आई. ते शेवाळ आहे."

आजींनी पाण्याचं तसराळं मोरीत ओतलं, आणि मला खुंटीवर ठेवूनच त्या विमानात बसल्या.

आता सँडीफोर्डच्या ऑफिसला चित्राचा डबा माझ्यातून जातो. सतरा कप्प्यांची बॅग प्रेसमध्ये पडून आहे. तिला मी काही बोलत नाही, ट्रंकेतले दिवस मला ठाऊक आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. ती टाकायला निघालात, तर दारात जरा थांबा, डोळे मिटा आणि तिच्यावरचे डाग सांगून बघा. सांगता आले, तर तिला परत खुंटीला लावा. ती तुमचीच आहे.