ज्याने काढली, त्याने ठेवावी: एका स्टेपनीचे मनोगत

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. वाहनचालकाच्या हक्कांसाठी झालेल्या एका ऐतिहासिक लढ्यात मी अखेरपर्यंत ठाम उभी राहिले. खरे तर आडवी पडले होते. स्टेपनी उभी राहत नाही, आणि लढ्याबद्दल मला कोणी विचारलेही नव्हते.

माझा जन्म कारखान्यातल्या एका तापलेल्या साच्यात झाला. एका गाडीच्या वाट्याला आम्ही पाच बहिणी आलो. चौघी रस्त्यावर धावायला गेल्या आणि मला डिकीत टाकले. 'तू अडीअडचणीला,' असे सांगण्यात आले. घरातल्या ज्या माणसाला असे सांगतात त्याला पुढे कोणी जेवायलाही विचारत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चौघी झिजल्या, गुळगुळीत झाल्या, भंगारात गेल्या. त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही नाक वर करूनच. माझ्या अंगावरची रबराची कोवळी लव मात्र तशीच राहिली. लोक याला नशीब म्हणतात. मी अपमान म्हणते.

गाडी एका ड्रायव्हिंग स्कूलची होती. मालक, शिक्षक आणि झाडू मारणारा एकच. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचे दोन गोष्टींवर प्रेम होते, हाफ क्लच आणि कायदा. गाडी शिकायला आलेल्याला ते आधी खुर्चीत बसवून कायदा पाजत. पोलिसाने थांबवले तर इंजिन बंद करा, काच खाली घ्या, आवाज चढवू नका. कागद मागितले तर दाखवा. डिकी उघडायला सांगितली तर मात्र नम्रपणे कारण विचारा. कारणाशिवाय आपल्या गाडीत कोणी डोकावायचे नाही. आणि शेजारी-मागे बसलेल्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. मग मला बाहेर काढून चाक बदलायचा धडा होई. माझ्यावर थाप मारून मास्तर म्हणत, "ही बघा, कायम टंच. स्टेपनी अशी ठेवावी." ते माझे सुवर्णयुग.

एकदा एका धिप्पाड विद्यार्थ्याने रिव्हर्स घेताना गाडी थेट दिव्याच्या खांबावर घातली. मधे मी होते, म्हणून डिकीला नुसता पोचा आला. त्या दिवसापासून मास्तर भर वर्गात त्याला 'खांब' म्हणू लागले. सगळे हसत. तो हसत नसे. त्याला परवाना मिळाला, पुढे पोलिसात नोकरी लागली, आणि मास्तर त्याला विसरले. खांब मास्तरांना विसरला नव्हता.

मास्तरांच्या सासूबाईंना मोतीबिंदू होता. एका डोळ्याने केव्हाच रजा घेतली होती आणि उरलेल्या डोळ्याच्या भरवशावर त्या चहा बशीच्या शेजारी ओतत, वर बशी कोणी हलवली म्हणून भांडत. ऑपरेशनची तारीख फार वाट पाहून मिळाली होती. उशिरा येणाऱ्याचा नंबर जाईल आणि तो पुन्हा रांगेच्या टोकाला जाईल, असे दवाखान्याने बजावले होते. उरलेला डोळा तोवर टिकेल की नाही, हे कोणी सांगत नव्हते. त्या सकाळी मास्तर गाडी चालवत होते, शेजारी त्यांची बायको, आणि मागे सासूबाई, म्हणजे अगदी माझ्या पुढ्यात. डिकीत दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते, उरलेले मी अंदाजाने भरते. जावईबापू गाडी चालवतायत की ढकलतायत, अशी चौकशी एकसारखी चालू होती.

पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी लागली होती. हवालदाराने हात केला. मास्तरांनी इंजिन बंद केले, काच खाली घेतली, कागद दाखवले. सगळे धड्याप्रमाणे. मग त्यांनी मान वर करून पाहिले आणि धड्यात नसलेले एक वाक्य बोलले.

"अरे, खांब ना तू?"

पलीकडे उभा असलेला दुसरा हवालदार फिस्सकन हसला. पुढचे सगळे त्या हसण्यातून झाले.

"डिकी उघडा."

"कारण सांगितल्याशिवाय..."

"...डिकी उघडायची नाही," खांबाने वाक्य पुरे केले. "पाठ आहे मला, सर. उघडा."

मास्तर नम्रपणे नाही म्हणाले. खांब नम्रपणे उभा राहिला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मास्तरांच्या बायकोने हळूच सुचवले, अहो, आज राहू दे ना कायदा, उशीर होतोय. मास्तर म्हणाले की आज राहू दिला तर उद्या वर्गात कोणत्या तोंडाने शिकवू. खरे सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला. खांबाकडे कारण नव्हते आणि ते दोघांनाही माहीत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्याने सोडले असते.

तेवढ्यात सासूबाईंचा धीर सुटला. "उघडा हो एकदाची, जावईबापू. आत काय मुडदा ठेवलाय?"

 भोंगेसुद्धा थांबले.

"आता कारण मिळालं, सर," खांब म्हणाला.

मागे बसलेल्याने ब्र काढू नये हा धडा मास्तरांनी गावभर दिला होता. घरी द्यायची त्यांची छाती झाली नव्हती.

डिकी उघडली. जॅक, पाना, फाटकी चादर, 'एल'ची जादा पाटी, सगळे रस्त्यावर आले. शेवटी मला ओढून काढले. टायरमधूनही माल नेतात म्हणे. खांबाने व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली आणि माझी आयुष्यभराची कमाई फुस्स करत त्याच्या बुटांवर गेली. मुडदा मिळाला नाही. पण झाला.

"आता जागेवर ठेव," मास्तर म्हणाले.

"शोधणं आमचं काम. भरणं तुमचं."

"ज्याने काढलं त्याने ठेवावं. हाही माझा हक्क आहे."

"मग हक्कानं उभे राहा."

दोघेही हाताची घडी घालून माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. मास्तरांच्या बायकोने चादर उचलली, जॅक उचलला, पाटी उचलली. मी तिला उचलेना. आतून सासूबाई म्हणाल्या की डोळा गेला तर जावयाच्या हक्काला हात लावून रस्ता शोधीन. मास्तरांनी दात-ओठ खात डिकी आपटली आणि गाडी निघून गेली. मी तिथेच राहिले. तत्त्वाचा प्रश्न होता.

वाऱ्याने नाकाबंदीची पाटी सारखी पडत होती. खांबाने मला लोळवत नेले आणि पाटीच्या पायावर ठेवले. इतकी वर्षे मी अडीअडचणीची वाट पाहिली. कामाला लागले ती अडचण करण्याच्या.

उन्हे उतरताना तीच गाडी परत आली. सासूबाईंच्या डोळ्यावर पट्टी नव्हती. खांबाने हात केला. या वेळी मास्तर काही न विचारता खाली उतरले आणि स्वतःच डिकी उघडली. माझ्या जागी गोल डाग होता.

"स्टेपनी कुठंय, सर?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. खांबानेही पाहिले.

"स्टेपनीशिवाय गाडी बाहेर काढू नये. तुम्हीच शिकवलंय."

मास्तर गाडीत जाऊन बसले आणि मला तिथेच सोडून निघून गेले.

मित्रांनो, तुमचे हक्क जरूर जाणून घ्या. कारण विचारा, पण विचारताना समोरच्याला खांब म्हणू नका. आणि ज्याने काढली त्याने ठेवावी हे अगदी बरोबर असले, तरी हे ठरेपर्यंत मला कोणीतरी उचला. रात्री दव पडते आणि कुत्री येतात.

राहता राहिले ऑपरेशन. ते उशिरामुळे हुकले नाही. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते.