मागची सीट

"ड्रायव्हरला सांग, गोणी आत ठेवू दे," दार उघडत माधवीबाई धम्मदिनाला म्हणाल्या.

कोंडूच्या खांद्यावर वाडा कोलम तांदळाची लहान गोणी होती. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून काल मुद्दाम अंबाडीला जाऊन त्याने ती आणली होती. भिवंडीच्या ज्या गोदामवाल्याची गाडी तो चालवायचा, त्यानेच आज दुपारपर्यंत ती वापरायला दिली होती. ठाण्याहून थेट ड्युटीवर जायचं, म्हणून अंगात पांढरा युनिफॉर्म.

त्याने आधी लेकीकडे पाहिलं. 'हे माझे बाबा' म्हणायला एक श्वास पुरला असता. धम्मदिनाने तो घेतलाही. मग ती वाकून बुटाचे बंद सोडू लागली.

"कुठं ठेवू, मॅडम?" कोंडूने विचारलं. गोणी स्वयंपाकघरात टेकवून तो खाली गेला.

येताना वाटेत त्याने नवल केलं होतं. पोरीच्या हातात विमान चालवायचं लायसन असताना ओळख कशाला लागते? मग स्वतःच हसला होता. "मला तरी सेठनं कुठं लायसन बघून ठेवला? काळूराम मास्तर बोलले, मानूस माझा हाय. गाडी हातात द्यायची म्हंजे कोनीतरी सांगावं लागतंच."

माधवीबाईंचे पती कॅप्टन कर्णिक विमान कंपनीत वरच्या जागेवर होते. त्यांनी तिचे कागद सावकाश वाचले. लायसन्स, मेडिकल, मोठ्या विमानाचं ट्रेनिंग, सगळं जागच्या जागी होतं. वर्षभर ती अर्ज करत होती. परीक्षेला बोलावणंसुद्धा आलं नव्हतं.

"वडील काय करतात?"

"ट्रान्सपोर्टमध्ये आहेत."

वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. तिचे कान तापले.

"हे बघ, एवढे कागद सगळ्यांकडेच असतात," कॅप्टन म्हणाले. "आतल्या माणसाने नाव सुचवलं की अर्ज निदान उघडला जातो. मी सुचवीन. पण ज्याचं घर मला माहीत नाही, त्याच्यासाठी मी शब्द टाकत नाही. रविवारी वडिलांना घेऊन ये. चहा घेऊ, बोलू."

त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती. आत्ताही सांगता आलं असतं. तेवढ्यात माधवीबाई म्हणाल्या, "तुमचा ड्रायव्हर अदबीचा आहे हो. कागदी कपात चहा पाठवलाय त्याला खाली."

धम्मदिनाच्या हातात चिनी मातीची कपबशी होती. तिने ती बशी न वाजवता खाली ठेवली.

ती खाली आली तेव्हा कर्णिक पतीपत्नी गॅलरीत उभे होते. कोंडूने वर एकदा पाहिलं आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं. ती बसली. त्याने दार हलकेच लावलं, सेठसाठी लावायचा तसं.

"काय बोलले?" गेटाबाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"रविवारी या म्हणाले. वडिलांना घेऊन."

कशेळीच्या पुलाअलीकडे ट्रकांची रांग लागली होती.

"काळूराम मामाला ने," तो म्हणाला. "मास्तर हाय. इंग्लिश पन बोलतो. मामाच असतो ना बापाच्या जागी."

"बाबा, तसं नको."

"मग कसं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. धम्मदिनाने खिडकीबाहेर पाहिलं. तिच्याकडे एकच उत्तर होतं, 'तुम्हीच चला', आणि ते दिलं तर नोकरी हातची जाणार, असं तिला वाटत होतं.

"चहा चांगला व्हता," कोंडू म्हणाला.

पूल ओलांडल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. वाकून, हात लांबवून, आपल्या शेजारचं पुढचं दार आतून उघडलं आणि समोर रस्त्याकडे पाहत थांबला. गोदामातल्या कापडाची रुई तिच्या काळ्या पँटला लागू नये, म्हणून सकाळी त्याने त्या सीटवर अंथरलेला धुतलेला टॉवेल तसाच होता.